फाइल सगळ्यांची, नंबर कोणाचा? डीएलएल आणि व्हर्च्युअल नंबर नीट वापरायची रीत

मार्च महिना, हळदीचे सौदे ऐन भरात, आणि सकाळी साडेनवाला दिवाणजींचा फोन. "ताई, पट्टीचं सॉफ्टवेअर उघडंना झालंय. कुठली तरी डीएलएल न्हाई म्हणतंय. शेठच्या पुतण्यानं नेटवरनं ती फाइल उतरवून टाकलीया, तरी बी चालंना."

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सहा अडत दुकानांचे हिशेब आणि कॉम्प्युटर मी सांभाळते. त्या दिवशी मी पोचेपर्यंत कर्नाटकातून माल घेऊन आलेले शेतकरी बाकड्यावर ताटकळत होते आणि दिवाणजी हाताने पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीचे हिशेब, लिहीत होते. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमना मिळून लागणारी सामाईक फाइल. सॉफ्टवेअर अर्ध्या तासात चालू झालं. पण पुतण्यानं उतरवलेल्या फाइलीसोबत दुसराच एक प्रोग्रॅम आत शिरला होता, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड एकेक करून बदलायला आम्हाला पुढचे दोन दिवस लागले.

त्याच दुकानाला पुढच्या वर्षी आणखी एक फटका बसला. बोर्डावर, बिलबुकावर आणि कॅलेंडरवर छापलेला नंबर हा एका कंपनीकडून घेतलेला व्हर्च्युअल नंबर, म्हणजे सिमशिवाय कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा नंबर, होता. वर्षाचे पैसे भरायचे राहून गेले, नंबर बंद पडला, आणि काही महिन्यांनी तोच नंबर लावला तर भलत्याच धंद्याचं स्वागत ऐकू आलं. शेतकरी मात्र जुन्या कॅलेंडरवर बघून तोच नंबर फिरवत राहिले.

दोन्हीकडे चूक एकच होती. समोर दिसतं ते फक्त नाव. त्यामागची वस्तू कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. ते विचारायचं कसं आणि मग करायचं काय, ते इथे सविस्तर लिहिते.

मंडळाची भांडी

लहानपणी आमच्या गावात तालमीच्या मागच्या खोलीत मंडळाची भांडी असायची. मोठी पातेली, घंगाळं, झारे, शंभर ताटं. लग्न असो की बारसं, ज्याचं कार्य असेल त्यानं वहीत नाव लिहून भांडी न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. घरटी एवढी मोठी पातेली घ्यायची कोणाची ऐपत नव्हती, आणि ठेवायला जागाही नव्हती.

डीएलएल म्हणजे अशीच सामाईक भांडी. प्रत्येक प्रोग्रॅमला खिडकी उघडणं, फाइल वाचणं, छपाईला पाठवणं, अक्षरं दाखवणं अशी हजार कामं लागतात. ती प्रत्येकानं नव्यानं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून एका फाइलीत ठेवायची आणि ज्याला लागेल त्यानं चालू असताना बोलावून घ्यायची. विंडोजमध्ये अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी डीएलएल असतं, लिनक्सवर एसओ आणि मॅकवर डायलिब. नावं तीन, कल्पना एकच. यात डिस्कवरची जागा तर वाचतेच, शिवाय दहा प्रोग्रॅम एकच डीएलएल वापरत असले तरी तिच्यातल्या सूचनांची मेमरीत एकच प्रत असते. प्रत्येकाची स्वतःची आकडेमोड तेवढी वेगळी राहते.

याचा आपल्याला रोज येणारा अनुभव म्हणजे आपली स्वतःची लिपी. 'द्राक्ष' हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात तो सात चिन्हांचा असतो: द, हलन्ताची खूण, र, काना, क, पुन्हा हलन्ताची खूण, ष. ही सात चिन्हं जुळवून पडद्यावर नीट 'द्राक्ष' दिसावं, हे काम पट्टीचं सॉफ्टवेअर करत नाही आणि नोटपॅडही करत नाही. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरी आली, तेव्हा हे जुळवण्याचं काम यूएसपी१० नावाच्या एका डीएलएलकडे होतं, आणि सगळे प्रोग्रॅम तिलाच हाक मारत. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड यांच्यासाठी आज हेच काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. एखाद्या जुन्या मशीनवर जोडाक्षरं फुटून 'द्‌राक्‌ष' असं दिसत असेल, तर दोष नेहमी फॉन्टचाच असतो असं नाही. कधीकधी जुळवणारा गडीच जागेवर नसतो.

सामाईक असण्याचा मोठा फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. जगभरच्या असंख्य सर्व्हरवर ती एकच लायब्ररी होती, म्हणून धोका सगळ्यांनाच होता. पण ज्यांच्याकडे ती सामाईक फाइल होती, त्यांना ती एक फाइल बदलून, सेवा पुन्हा चालू करून तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम एकदम सुरक्षित करता आले. ज्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये तिची वेगळी प्रत कालवून ठेवली होती, त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम शोधून बदलावा लागला.

तोटाही याच सामाईकपणातून येतो. कोणी पातेलं बदलून थोडं लहान पातेलं आणून ठेवलं, तर पुढच्या कार्याला झाकण बसत नाही. नव्वदीच्या दशकात विंडोजवर हेच व्हायचं: एक प्रोग्रॅम टाकला की तो आपली जुनी डीएलएल सामाईक खोलीत ठेवून जायचा आणि दुसरे तीन प्रोग्रॅम बंद पडायचे. या छळाला प्रोग्रॅमर मंडळींनी 'डीएलएल हेल' असं नावच दिलं होतं. म्हणून पुढे विंडोजनं आपल्या मूळ फाइली इतरांना बदलू देणं बंद केलं आणि एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली.

विंडोज फाइल शोधतं कुठे

हे कळलं की निम्म्या दुरुस्त्या आपोआप सुचतात. प्रोग्रॅमनं नाव पुकारलं की विंडोज बहुतेक फाइलींसाठी आधी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं. तिथे नसेल तर सिस्टिम३२ फोल्डरमध्ये, मग विंडोजच्या मुख्य फोल्डरमध्ये, मग चालू फोल्डरमध्ये, आणि शेवटी पाथ नावाच्या यादीतल्या ठिकाणी. पहिल्यांदा ज्या जागी त्या नावाची फाइल सापडेल, तीच उचलली जाते. नाव जुळलं की झालं.

पुतण्याच्या फाइलीनं घात केला तो इथेच. त्यानं ती थेट सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे. डीएलएल ही नुसती माहिती नव्हे, चालणारा प्रोग्रॅमच असते, आणि तिला बोलावणाऱ्या प्रोग्रॅमला जेवढे अधिकार, तेवढे सगळे तिलाही मिळतात. चोरांना ही रांग चांगली ठाऊक असते. भरवशाच्या प्रोग्रॅमशेजारी त्याच नावाची आपली फाइल ठेवायची, ही त्यांची मुरलेली पद्धत आहे.

डीएलएल नाही असा निरोप आला तर

पहिलं काम म्हणजे ओके न दाबता मोबाइलवर फोटो काढणं. निरोपाच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत कोणत्या प्रोग्रॅमनं हाक मारली त्याचं नाव असतं आणि आत न सापडलेल्या फाइलीचं. दोन्ही लागतात. मी दुकानात जायच्या आधी हा फोटो मागवते. निम्म्या वेळा मला जावंच लागत नाही.

मग फाइल कोणाची ते ओळखायचं. नावावरून घराणं कळतं. व्हीसीरनटाइम१४०, एमएसव्हीसीपी१४० आणि एमएफसी१४० या मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या संचातल्या. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना हा एकच संच चालतो. शेवटी १२० असेल तर २०१३ चा संच, ११० म्हणजे २०१२, १०० म्हणजे २०१० आणि ९० म्हणजे २००८. हे जुने संच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवा टाकला म्हणून जुना काढून टाकू नका. प्रोग्रॅमच्या यादीत एकसारखी पाच-सहा नावं दिसतात म्हणून एका दुकानात कोणीतरी 'साफसफाई' केली होती आणि दुसऱ्या दिवशी छपाई बंद. डी३डीएक्स९_४३ ही डायरेक्टएक्सच्या जून २०१० च्या संचातली, बहुधा गेम मागतात. आणि नावात सॉफ्टवेअरचंच नाव किंवा त्याची आद्याक्षरं असतील, तर ती त्या सॉफ्टवेअरची खासगी फाइल.

काही उतरवायच्या आधी अँटिव्हायरसची क्वारंटाइन यादी उघडून बघा. काल चालणारं सॉफ्टवेअर आज एकाएकी डीएलएल मागायला लागलं, तर पुष्कळदा ती फाइल अँटिव्हायरसनंच उचलून कोंडून ठेवलेली असते. पण ती लगेच सोडवू नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला फोन करा, फाइल त्यांचीच आहे असं ते म्हणाले तरच सोडवा.

फाइल व्हिज्युअल सी++ संचातली असेल, तर संच फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. आता इथे एक खोच आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. विंडोज ६४ बिटी असलं तरी आपल्याकडची जुनी बिलिंगची, पट्टीची, पतसंस्थांची सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिटी असतात. त्यांना ३२ बिटीच डीएलएल लागते. ६४ बिटी विंडोजमध्ये या दोन प्रकारच्या फाइली वेगळ्या फोल्डरांत असतात, आणि नावं अगदी उलटी वाटावीत अशी: सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटी फाइली आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटी. जुन्या प्रोग्रॅमांना सिस्टिम३२ हे नाव पाठ झालेलं असल्यामुळे ते बदललं गेलं नाही. तेव्हा एक्स८६ (३२ बिटी) आणि एक्स६४ (६४ बिटी) असे दोन्ही संच टाका. दोन्ही एकत्र सुखानं नांदतात. चुकीच्या बिटीची फाइल गळ्यात पडली की 'डीएलएल नाही' असा निरोप न येता शेवटी ७बी असलेला एक लांबलचक त्रुटी क्रमांक येतो, शून्य-एक्स-सी पासून सुरू होणारा. तो दिसला की ३२ आणि ६४ चा घोळ आहे, असं आधी धरून चाला.

संच आधीच टाकलेला दिसत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत त्यावर जाऊन चेंज आणि मग रिपेअर करा. मशीन एकदा बंद करून चालू करा.

हरवलेली फाइल विंडोजची स्वतःची असेल, तर दोन आज्ञा आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. आधी 'डिस्म' ची आज्ञा, ज्यात ऑनलाइन, क्लीनअप-इमेज आणि रिस्टोअरहेल्थ हे तीन शब्द प्रत्येकी तिरकी रेघ देऊन लिहायचे. ती विंडोजच्या कोठारातला मूळ साठा तपासते आणि खराब फाइली विंडोज अपडेटवरून मागवते, म्हणून इंटरनेट चालू हवं. मग 'एसएफसी' आणि तिरकी रेघ देऊन 'स्कॅननाऊ'. ती त्या कोठारातून चांगली फाइल काढून जागेवर बसवते. कोठारच नासलं असेल तर तिथून आणलेली फाइल काय कामाची? म्हणून आधी डिस्म. टक्केवारी मध्येच बराच वेळ हलत नाही. तेव्हा खिडकी बंद करू नका, चहा पिऊन या.

सॉफ्टवेअरची खासगी फाइल असेल तर ते सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं हाच सरळ मार्ग. पण त्याआधी डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवा. काही जुनी सॉफ्टवेअर काढताना डेटासकट पुसून जातात. चालू हंगामाच्या पट्ट्या गेल्या तर शेतकऱ्याला काय तोंड दाखवायचं?

'रेगएसव्हीआर३२' ची आज्ञा द्या, असा सल्ला बरेचजण देतात. विंडोजच्या वहीत स्वतःची नोंद करून घेणाऱ्या डीएलएलसाठीच ती आहे. इतर डीएलएलवर ती चालवली तर प्रवेशबिंदू सापडला नाही असा निरोप येतो. त्यानं बिघडत काही नाही, पण साधतही नाही.

आणि एकेक डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून फाइल घेऊ नका, कितीही घाई असली तरी. ती योग्य आवृत्तीची आहे का, योग्य बिटीची आहे का, तिला आणखी कुठल्या फाइली लागतात, हे तिथे कळायला मार्ग नसतो. फाइल येऊनच पडली असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि डिजिटल सिग्नेचर हा भाग आहे का, सही कोणाची आहे, ते बघा. सही बरोबर असेल तर फाइल सही करणाऱ्याकडून निघाल्यानंतर बदललेली नाही. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींची सही वेगळ्या यादीत असते, त्यामुळे हा भाग नसला म्हणून विंडोजचीच फाइल खोटी ठरवू नका. बाहेरून आलेली मात्र सही नसताना वापरू नका.

साताऱ्यात माझ्या बहिणीच्या ऑफिसात उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे. तिथे हाच निरोप 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' असा येतो. लिनक्समध्ये आवृत्ती फाइलीच्या नावातच असते, त्यामुळे लहान आणि मोठं पातेलं दोन्ही एकाच खोलीत राहू शकतात. 'एलडीडी' आणि पुढे प्रोग्रॅमच्या फाइलीचा पूर्ण पत्ता दिला की कोणती लायब्ररी कुठून मिळाली आणि कोणती मिळाली नाही याची यादी समोर येते. तिथेही नियम तोच: फाइल एकटी आणून टाकू नका, ती ज्या पॅकेजातली आहे ते पॅकेज 'ॲप्ट' या पॅकेज आणून बसवणाऱ्या आज्ञेकडून घ्या. नावाला दुसऱ्या आवृत्तीची फाइल चिकटवून फसवायचा मोह टाळा.

पीपी नंबर आठवतोय का

आता नंबराकडे. लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे कंसात 'पीपी' छापलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना व्हर्च्युअल नंबर समजायला वेळ लागणार नाही. फोन शेजारच्या किराणा दुकानात असायचा. कोणी लावला की दुकानदार पोराला पिटाळायचा, "जा रे, काकूंना म्हणावं पुण्याचा फोन आहे." नंबर पत्रिकेवर आपला, फोन दुसऱ्याचा, आणि निरोप पोचवायचा की नाही हे त्या दुकानदाराच्या हातात.

तसं पाहिलं तर मोबाइल नंबरही फोनच्या आत नसतो. सिमकार्डात १५ अंकी वेगळाच क्रमांक असतो, भारतात ४०४ किंवा ४०५ नं सुरू होणारा. आपला दहा अंकी नंबर म्हणजे कंपनीच्या वहीतली एक ओळ: या नंबरासाठी तो सिम क्रमांक, तो सध्या अमुक टॉवरच्या हद्दीत. सिम हरवलं तरी नंबर परत मिळतो तो म्हणूनच. वहीतली ओळ तेवढी बदलते. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तीही या वहीच्याच जोरावर.

व्हर्च्युअल नंबराच्या ओळीपुढे सिमच नसतं, तर सर्व्हरचा पत्ता असतो. शेतकरी जतहून नंबर लावतो. कॉल दूरसंचार कंपनीच्या एक्स्चेंजमधून सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर येतो. सर्व्हर फोन उचलतो, 'हळदीच्या दरासाठी एक दाबा, पट्टीच्या चौकशीसाठी दोन' असं ऐकवतो. शेतकऱ्यानं बटण दाबलं की फोन एकाच वेळी दोन सूर सोडतो. पाच दाबलं तर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. त्या जोडीवरून सर्व्हर कोणतं बटण ते ओळखतो. मग तो स्वतः दिवाणजींच्या मोबाइलला दुसरा कॉल लावतो आणि दोन्ही कॉल मध्ये जोडून देतो. म्हणजे बोलणं एक, पण कॉल दोन. बिलात दिसणारी मिनिटं या दुसऱ्या कॉलची असतात, हे ठरवताना कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मिस्ड कॉलची सेवा याहून सोपी: सर्व्हर फोन न उचलताच कापतो, नंबर आणि वेळ टिपून ठेवतो आणि एसएमएस पाठवतो.

नंबर घ्यायचा तर

आधी खरंच लागतो का ते बघा. दिवसाला वीस-पंचवीस फोन आणि उचलणारा एकच माणूस असेल, तर साधं सिम आणि कॉल वेटिंग पुरे. तीन-चार माणसं असतील, फोन सुटत असतील, कोणाशी काय बोलणं झालं याची नोंद हवी असेल, तरच हा खर्च करा.

नंबराचा प्रकार ठरवा. १८०० नं सुरू होणाऱ्या नंबराचा खर्च आपल्याला पडतो, लावणाऱ्याला नाही. लँडलाइन पद्धतीचा नंबर घेतला तर गावाचा कोड दिसतो. सांगलीचा ०२३३ आणि पुढे सात अंक, साताऱ्याचा ०२१६२ आणि पुढे सहा. शून्य सोडून दोन्हीकडे बेरीज दहाच. आपल्या भागातला शेतकरी ०२३३ बघून फोन उचलतो, मुंबईचा ०२२ दिसला की कोणीतरी कर्ज विकतंय असं समजतो. हे मी यार्डात रोज बघते.

मग कंपनीला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. दूरसंचार विभागाचा परवाना कोणाच्या नावाचा? नंबर कागदावर कोणाच्या नावानं राहणार, माझ्या की तुमच्या? पैसे थकले तर किती दिवस नंबर राखून ठेवता? सोडून जायचं म्हटलं तर नंबर मला नेता येईल का? एका वेळी किती कॉल घेता येतात? शेवटचा प्रश्न हंगामात फार महत्त्वाचा: दोनच वाटा असतील तर तिसऱ्या शेतकऱ्याला एंगेज टोन, तुमच्याकडे माणसं पाच का असेनात.

आधार, पॅन, जीएसटी, दुकानाचा परवाना असे कागद लागतात. कोणी कागदांशिवाय नंबर देत असेल तर घेऊ नका. पुढे त्या नंबराचं काही वावगं निघालं तर निस्तरायला तुम्हीच.

नंबर नेता येण्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण छापलेला नंबर हातचा गेला की काय होतं ते आमच्या शेठनं भोगलंय. १९०० वर एसएमएस करून नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय मोबाइल नंबरांना आहे. लँडलाइन पद्धतीच्या नंबरांना ती नाही. म्हणजे ०२३३ चा छान नंबर बोर्डावर रंगवला आणि कंपनीशी बिनसलं, तर बोर्ड पुसण्यावाचून इलाज नाही. म्हणून आता मी सगळ्यांना एकच सांगते: बोर्डावर, पोत्यावर, कॅलेंडरवर छापायचा तो स्वतःच्या नावाच्या सिमचा मोबाइल नंबर छापा, आणि त्या सिमवरून कॉल फॉरवर्ड करून व्हर्च्युअल नंबराकडे वळवा. शेतकऱ्याला काही फरक पडत नाही. उद्या सेवा बदलली तरी फॉरवर्डिंगचा नंबर तेवढा बदलायचा. फॉरवर्ड झालेल्या कॉलचा आकार आपल्या प्लॅनमध्ये कसा लागतो, ते मोबाइल कंपनीला आधी विचारून घ्या, आणि त्या सिमचा रिचार्ज चुकवू नका.

स्वागताचं रेकॉर्डिंग मशीनच्या आवाजात नको. दिवाणजींनाच बोलायला लावा, ओळखीचा आवाज ऐकून माणूस फोन ठेवत नाही. आमच्या दुकानात मराठी आणि कन्नड अशी दोन रेकॉर्डिंग आहेत, आणि दोन्ही मिळून वीस सेकंदांच्या आत. पर्याय तीनपेक्षा जास्त ठेवू नका. आणि कोणतंच बटण न दाबणाऱ्याला थेट माणसाशी जोडा. बांधावरून फोन करणाऱ्याचे हात मातीचे असतात.

चालू करायच्या आदल्या दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून आणि एका लँडलाइनवरून लावून बघा. प्रत्येक बटण दाबा. मग सगळ्यांचे मोबाइल बंद ठेवून लावा: निरोप घेतला जातो का, सुटलेल्या कॉलचा एसएमएस येतो का? आणि दुकानाचं वायफाय बंद करून बघा, कारण ॲपवर घेतलेले कॉल इंटरनेट गेलं की थांबतात, मोबाइलवर जोडलेले थांबत नाहीत.

या नंबरावरून जाहिरातीचे कॉल करत सुटू नका. त्यासाठी १४० नं सुरू होणारी वेगळी मालिका आहे. आणि धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना डीएलटी या नोंदणी प्रणालीवर आधी नोंदवावा लागतो. नोंद नसलेला मजकूर वाटेतच अडतो.

समोरचा नंबर खरा कशावरून

नंबर हे नाव आहे हे कळलं, की पडद्यावर दिसणारा नंबर हा पुरावा नाही हेही लक्षात येतं. सांगलीत बसलेला माणूस मुंबईचा नंबर दाखवू शकतो, आणि परदेशात बसलेला चोरही. बँकेचा म्हणून कॉल आला तर एवढं लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की व्यवहारासंबंधीचे कॉल १६०० च्या मालिकेतून आणि जाहिरातीचे १४० च्या मालिकेतून करा. साध्या दहा अंकी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला ठेवा म्हणायचं आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः फोन लावायचा.

ओटीपी घ्यायला फुकट नंबर देणाऱ्या साइट असतात. त्यांची इनबॉक्स जगाला उघडी असते. तुमचा ओटीपी तुमच्याआधी दुसरा कोणी वाचेल. अशा नंबरावर व्हॉट्सॲप उघडलं तर उद्या तोच नंबर ज्याला मिळेल, त्याच्या हातात ते खातं जाईल.

'स्टार २१' किंवा 'स्टार ४०१' नं सुरू होणारा कोड डायल करा असं कुरिअरवाला, बँकवाला कोणीही सांगितलं तर करू नका. त्यानं तुमचे कॉल त्याच्या नंबराकडे वळतात, आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. वळवलेले असल्याची शंका आली तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. आपल्या दुकानाचं मुद्दाम लावलेलंही त्यात जातं, ते पुन्हा लावायला विसरू नका. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं आणि संशयास्पद कॉलची तक्रार त्यातल्या चक्षू या सोयीवर करता येते. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, सरळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

नंबर सोडताना

सेवा बंद करायचं ठरलं की आधी त्या नंबराला काय काय जोडलेलं आहे याची यादी करा: बँक, जीएसटी, बाजार समिती, व्हॉट्सॲप बिझनेस, गुगलच्या नकाशावरची नोंद, ट्रान्सपोर्टवाले. एकेक बदलून नव्या नंबरावर ओटीपी येतोय याची खात्री करा. व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' वापरा, म्हणजे गप्पा आणि गट तसेच राहतात. कॉलच्या नोंदी आणि रेकॉर्डिंग उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर ती मिळत नाहीत. त्यानंतर निदान एक हंगाम पैसे भरून नंबर चालू ठेवा आणि स्वागताच्या जागी दिवाणजींच्या आवाजात नवा नंबर ऐकवा, सावकाश, दोनदा. जतचा शेतकरी मागच्या वर्षीचं कॅलेंडर बघूनच फोन लावणार आहे.